आजोबांच्या काळ्या रेकॉर्ड

प्रश्न: लालबागच्या घरी माळ्यावर आजोबांच्या जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्ड सापडल्या, आईला सगळी गाणी अजून पाठ आहेत, पण एका बाजूला एकच गाणं, असं का? आणि एलपीच्या, म्हणजे नंतरच्या जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्डच्या, प्लेअरवर लावू का?

उत्तर: अहो थांबा, लावू नका! या लाखेच्या तबकड्या, एलपीच्या ३३च्या स्पीडला गाणं रेंगाळेल आणि बारीक सुईची वाट लागेल ती वेगळीच. दहा इंचाच्या तबकडीत एका बाजूला मावायचंच जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं, म्हणून गाणीच तेवढी बेतलेली. आमच्या गिरगावच्या चाळीत शेजारी चावीचा ग्रामोफोन होता, स्प्रिंग उतरून वेग मंदावला की गाणारी बाई मध्येच पुरुषी आवाजात गायला लागायची, आम्ही पोरं गॅलरीत लोळून हसायचो आणि काकू हँडल फिरवायला धावायच्या. आणि हो, पडली की खळकन फुटते हं, माळ्यावरून उतरवताना जपून.