भारी जमिनीतूनही खत धुऊन जातं का?

प्रश्न: माझं अर्धं रान वाळूसारखं हलकं आणि अर्धं भारी चिकण. हलक्यात खत टिकत नाही हे माहितीय, पण यंदा भारी जमिनीत भेगा पडल्यावर युरिया फेकून भरपूर पाणी दिलं तरी पीक पिवळंच. भारी जमीन तर खत धरून ठेवते ना?

उत्तर: धरते, पण सगळं नाही. चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो म्हणून अमोनियम, पालाश, कॅल्शियम असे धनभारवाले घटक तिला चिकटून राहतात, स्फुरद तर जागचं फारसं हलतच नाही. नायट्रेट मात्र स्वतःच ऋणभाराचं, ते पाणी जाईल तिकडे जाणार. युरियावर भारच नाही, त्यामुळे त्याचं अमोनियम होईपर्यंत, म्हणजे पहिले काही दिवस, तोही पाण्याबरोबर खाली उतरतो.

म्हणून पाणी नेमकं कुठून जातंय ते बघा. हलक्या रानात कण सुटे, पोकळ्या मोठ्या, पाणी सगळीकडूनच झरझर उतरतं. तुमच्या भारी जमिनीत ते भेगेत शिरलं असणार आणि वर पडलेला ताजा युरिया घेऊन थेट मुळांच्या खाली गेलं असणार, मधली माती कोरडीच. पण युरियाचं आधी अमोनियम आणि मग नायट्रेट होतं, आणि हेच नायट्रेट आधीपासून ढेकळांच्या आत बारीक छिद्रांत मुरलेलं असेल ना, तर भेगेतलं पाणी त्याला न शिवता बाजूने निघून जातं आणि ते बरंचसं वाचतं! एकाच भेगेने नवं खत जातं आणि जुनं राहतं, हे नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

तर आधी कोळपणी करून भेगा बुजवा, हलकं पाणी द्या, वाफसा आला की, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली की, युरिया मातीआड करा आणि मग पुन्हा थोडंच पाणी, म्हणजे तो ढेकळांच्या आत मुरेल. हलक्या रानात तोच डोस तीन-चार हप्त्यांत द्या. पाणी साचून राहत असेल तर मात्र कारण वेगळं, तिथे हवा नसल्याने नायट्रेटचा वायू होऊन नत्र उडून जातं.

आणि सारखा रोटाव्हेटर मारू नका प्लीज, मुळं, बुरशी आणि सेंद्रिय पदार्थांनी बांधलेली रवाळ माती त्याने पीठ होते. वाळलेलं छोटं ढेकूळ ग्लासभर पाण्यात सोडून बघा, लगेच विरघळून गाळ झालं तर शेणखत आणि पिकांचे अवशेष वाढवायलाच हवेत.