गौरीजेवणातलं उरलेलं: कशाचं काय करावं

गौरीजेवणातलं वरण, साधा भात, बटाट्याची भाजी, पुरण, श्रीखंड आणि काकडीची कोशिंबीर उरलीये आणि तेच ताट पुन्हा कुणाला नकोय, असं तुम्ही लिहिलंय. ताट पुन्हा मांडूच नका, प्रत्येक पदार्थाचं रूप बदला.

आधी भाताचं बघा. रात्रभर ओट्यावरच राहिला असेल तर टाकून द्या. जीव हळहळतो, पण शिजल्यावरही टिकणारे जिवाणू उबेत वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. वेळेवर फ्रीजमध्ये ठेवला असेल तर फोडणीच्या भाताला ताज्यापेक्षा तोच चांगला, कारण गार झाल्यावर शितं घट्ट आणि मोकळी होतात. हाताने मोडून घ्या, शेंगदाणे आणि ठेचलेला लसूण सढळ हाताने घाला.

वरणाची वरणफळं करा. माझ्या मते सणाच्या दुसऱ्या दिवशी याहून चांगलं जेवण नाही. वरणात दुप्पट पाणी घालून मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी द्या. गोडा मसाला, आमसूल, गुळाचा खडा घाला. चांगलं पातळ दिसलं पाहिजे, कारण फळं पाणी ओढतात. कणकेत तिखट, हळद, ओवा, मीठ आणि तेल घालून घट्ट मळा, पोळीपेक्षा जाडसर लाटा आणि शंकरपाळ्यांसारखी कापा. वरण खळखळ उकळत असतानाच एकेक फळ सोडा. सगळी एकदम टाकली की गोळा होतो. झाकण ठेवून दहाएक मिनिटं शिजवा. फळ तोडून बघा, मधली पांढरी रेघ गेली की झालं. वरून तूप हवंच.

भाजीत मिरची-लसणाचा ठेचा कालवून बटाटेवडे तळा.

श्रीखंडात मावेल तेवढी कणीक, थोडा रवा आणि चिमूटभर मीठ घालून घट्ट मळा, पाणी नको. पुऱ्या मंद आचेवर तळा, साखरेमुळे लवकर करपतात.

पुरणाची खीर करताना लोक ते उकळत्या दुधात घालतात आणि गुळाने दूध फाटतं. पुरण पाण्यात सैल करून एक उकळी आणा, खाली उतरवा, निवल्यावर गार दूध आणि जायफळ घाला.

कोशिंबिरीत दाण्याचं कूट असलं तरी चालतं, फक्त ती आंबलेली नको. तिच्यातच थालीपिठाची भाजणी भिजवा, वेगळं पाणी फारसं लागत नाही.