डोळे मिटले की धडधडतं

प्रश्न : माझा स्वभाव पहिल्यापासून काळजीखोर. मन शांत व्हावं म्हणून रोज ध्यानाला बसते, पण डोळे मिटले की छातीत धडधडतं. जुन्या चुकांची देव शिक्षा देतोय असं वाटतं. महिनाभर धड झोप नाही. सोबत साधना करणारी मैत्रीण म्हणते, 'तुझी श्रद्धा कमी पडते.' खरंच तसं असेल का?

उत्तर : ताई, मैत्रिणीचं म्हणणं आधी बाजूला ठेवा. (दुसऱ्याची श्रद्धा मोजायची हौस फार जणांना असते.) काळजीखोर माणसाचं लक्ष मुळातच शरीराकडे लागलेलं असतं. त्यात श्वासाकडे बघत बसलं की ठोके जास्तच जाणवतात आणि घाबरायला होतं. ध्यानात चिंता वाढल्याच्या नोंदी संशोधनातही आहेत. तेव्हा डोळे उघडे ठेवून पाचच मिनिटं बसा, किंवा चालता चालता जप करा. तेही नको वाटलं तर काही दिवस सोडून द्या.

मला जास्त खटकलं ते शिक्षेचं. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी संकटकाळातल्या श्रद्धेचा बराच अभ्यास केलाय. देव पाठीशी आहे असं मानणाऱ्यांना सहसा उभारी मिळते; तो शिक्षा करतोय असं वाटणाऱ्यांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळते. श्रद्धा दोघांचीही असते. शिवाय नैराश्यातही असा अपराधीपणा मनात घर करतो, म्हणून नुसती साधना वाढवून भागणार नाही.

महिनाभर झोप नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना याच आठवड्यात भेटा. शिक्षेचा विचारही त्यांना सांगा, लाजू नका. औषध दिलं तर घ्या. त्याने साधनेत खंड पडत नाही. मैत्रिणीला कळवलंच पाहिजे असं नाही.