झोपडपट्टीतील पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवण्यासाठी टॅब घ्यावेत की शिक्षक नेमावा?

एकाच गोष्टीपुरते पैसे आहेत, असे तुम्ही लिहिले आहे; तर शिक्षक नेमा.

नवी मुंबईत तुर्भे येथील दगडखाणींच्या वस्तीत मी पहिलीचा वर्ग घेत असे. तेथे एका देणगीदाराने टॅब दिले आणि उपक्रमाच्या प्रमुखांनी बैठकीत जाहीर केले, की यापुढे बाईंनी हजेरी घ्यावी, वाचन ॲप शिकवील. वर्गात घरी वडारी आणि गल्लीत हिंदी बोलणारा एक मुलगा होता. पडद्यावर ‘पाणी’ आले की तो ‘पानी’ वाचे, आणि ॲप तो शब्द लाल करून त्याला पुन्हा वाचायला लावी. काना, वेलांटी, अक्षरे सारे त्याने बरोबर ओळखलेले असे. उच्चार तेवढा घरचा होता. काही दिवसांनी तो टॅबसमोर नुसते ओठ हलवू लागला. शेजारची मुलगी मात्र चित्रे पाहून धडाधड शब्द सांगे आणि वरच्या पातळीवर जाई. मी कमळाचे चित्र बोटाने झाकले, तेव्हा तिला त्या शब्दातला ‘म’ही दाखवता आला नाही. बैठकीतल्या तक्त्यात ती पुढे आणि तो मागे. मी हरकत घेतली, तर ‘बाईंना तंत्रज्ञान जमत नाही’ असा शेरा मिळाला.

टॅब निरुपयोगी आहेत, असे माझे म्हणणे नाही. ‘असर’ सर्वेक्षण 2005 पासून ज्या कागदाने मुलांचे वाचन तपासते, त्यावर अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट एवढेच असते. सर्वेक्षण ग्रामीण भागाचे असले, तरी तो कागद वस्तीतही चालतो. त्यावरून, इयत्ता न पाहता, मुलांचे गट पाडा. पुढेमागे टॅब मिळालेच, तर शिक्षक अक्षरांवर अडलेल्यांजवळ बसला, की परिच्छेद वाचणाऱ्यांना सरावासाठी टॅब द्यावा. घरच्या मोबाइलच्या भरवशावर राहू नका, कारण तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने 2021 मध्ये तिसरीअखेर समजून वाचण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि मुलाला काय समजले हे त्याच्याच बोलीत विचारायला माणूसच लागतो.

अर्थात, शिक्षक स्वतःच फळ्यावरचे घोकून घेणारा असेल, तर तोही त्या ॲपइतकाच बहिरा. आणि टॅब घेतलेच, तर त्यातली टक्केवारी बैठकीत मांडण्यापूर्वी मुलांच्या हाती न पाहिलेला, बिनचित्रांचा उतारा द्या. आमच्या प्रमुखांनी, मी वारंवार मागूनही, तो शेवटपर्यंत देऊ दिला नाही.