टॅब घ्यायचाय, पण कितीचा? वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मे महिना लागला की माझ्या टेबलावर दोन ढीग वाढतात. एक दुरुस्तीला आलेल्या टॅबचा, दुसरा तुमच्या पत्रांचा. यंदा बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: वीस-पंचवीस हजार मोजून पदरात नेमकं काय पडतं तेच कळत नाही. मी बेळगावात २१ वर्षं मोबाइल दुरुस्त करतोय आणि टॅब बाजारात आल्यापासून टॅबही. मी स्वतः काही विकत नाही, त्यामुळे कुठला टॅब खपला म्हणून मला काही मिळत नाही. खाली लिहिलंय ते उघडलेल्या टॅबच्या पोटात जे बघितलं त्यावरून.

काजूचे पैसे हातात आलेत. मुलगी मराठी माध्यमात आहे, यंदा एसएसएलसीला, म्हणजे दहावीला बसणार. दुकानात १३ हजारांचा टॅब दाखवला, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेजचा. शेजारी २० हजारांचा होता, ८ आणि १२८ चा. दुकानदार म्हणतो, पहिल्यातही रॅम ८ पर्यंत वाढवता येते. मग सात हजार जास्त कशाला घालायचे? खरं काय ते सांगा की.
*एक शेतकरी, खानापूर तालुका*

दुकानदार खोटं बोलला नाही, पण अर्धं सांगितलं. रॅम म्हणजे उघडी अ‍ॅप्स ज्यात चालतात ती मेमरी. ही वाढवलेली रॅम म्हणजे स्टोरेजमधलीच थोडी जागा रॅम म्हणून वापरायची. स्टोरेज हे रॅमपेक्षा कितीतरी संथ. त्यातून १३ हजारांच्या टॅबमध्ये ते बहुतेक वेळा ईएमएमसी जातीचं असतं, वरच्या किमतीत यूएफएस मिळू शकतं. ईएमएमसी एका वेळी एक तर वाचतं नाहीतर लिहितं, यूएफएस दोन्ही एकदम करतं. पावसाळ्यात पुलावरून एकाच बाजूची वाहनं सोडतात तेव्हा जशी रांग लागते, तसं ईएमएमसीत होतं: अ‍ॅप अपडेट होत असताना पुस्तक उघडायला गेलं की टॅब थबकतो. त्याच स्टोरेजवर रॅमचाही भार टाकला तर आणखी थबकणार. म्हणून खोक्यावर '४+४' दिसलं तर ते ४ च धरा.

दुसरी गोष्ट ६४ जीबीची. त्यातले पंधरा-वीस जीबी अँड्रॉइड आणि कंपनीची अ‍ॅप्स आधीच अडवून बसतात. उरलेल्यात पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ सहज मावतील, त्या काही फार जागा खात नाहीत. जागा जाते ती शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येणाऱ्या व्हिडिओंनी. माझ्याकडे 'टॅब हँग होतोय' म्हणून येणाऱ्या दहातल्या निम्म्यांत बिघाड काहीच नसतो, स्टोरेज काठोकाठ भरलेलं असतं. तेव्हा ६४ चा घेतलाच तर मेमरी कार्डची जागा आहे का ते बघून घ्या.

तुमच्या मुलीच्या बाबतीत मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पडद्याची. कर्नाटक पाठ्यपुस्तक संस्थेची मराठी माध्यमाची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. ८.७ इंची टॅबवर त्याचं आख्खं पान लावलं तर अक्षर बारीक होतं, आणि मोठं केलं की पान सारखं इकडून तिकडे सरकवत बसावं लागतं. ११ इंचीवर पान एका नजरेत येतं. शिवाय पुढच्या वर्षी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला गेली की सगळं इंग्रजीत येऊन पडेल. मराठी माध्यमातल्या पोरांना तिथं पहिले सहा महिने किती जड जातात ते मी माझ्या घरात बघितलंय. अर्ध्या पडद्यावर पुस्तक आणि अर्ध्यावर शब्दकोश ठेवता आला तर पोरगी स्वतःचं स्वतः वाचू शकते. ४ जीबी रॅममध्ये हे दोन्ही एकदम उघडं ठेवलं की एक मागच्या मागे बंद होतं, आणि परत उघडताना ती पान हरवून बसते.

म्हणून माझं मत २० हजारांच्या टॅबकडे. पण दुकानात तिला घेऊन जा. विज्ञानाची आख्खी पीडीएफ उघडा, शेजारी शब्दकोश उघडा, पन्नास पानं भराभर सरकवा. पांढरी पानं दिसत राहिली, अक्षर उशिरा उमटलं, तर कितीही किंमत असो, तो टॅब नको. आणि एक नक्की विचारा: सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार? आज घेतलेला टॅब पीयूसी संपेपर्यंत तीन वर्षं तरी चालायला हवा. ८ आणि १२८ चं मागच्या वर्षीचं मॉडेल थोडं उतरलेल्या दरात मिळालं तर खुशाल घ्या, फक्त अपडेटची वर्षं त्या मॉडेलच्या पहिल्या दिवसापासून मोजतात हे ध्यानात ठेवा. कर्ज मात्र काढू नका. काजूचे पैसे १३ हजारच असतील, तर कार्डाची जागा असलेला १३ चाच घ्या आणि त्यात गेम भरू देऊ नका.

जीएसटी कमी झाला ना? मग टॅब स्वस्त का नाही झाला?
*नोकरदार, अनगोळ*

२२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले, पण त्यात एसी आणि ३२ इंचांवरचे मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. टॅब आधीपासूनच १८ टक्क्यांत होता, तिथंच राहिला. तुम्ही २० हजार देता त्यातले तीन हजारांच्या वर रुपये कराचे असतात. वह्या, पेन्सिली, खोडरबर शून्यावर आले. अभ्यासाचं साधन म्हणून वही करमुक्त होते आणि टॅब होत नाही, हे मला पटत नाही. आज कितीतरी पोरांचं पुस्तक टॅबमध्येच आहे.

त्यात २०२५ च्या शेवटापासून मेमरी चिपचे भाव जगभर चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरना ती मेमरी ढिगांनी लागते, तिचा भार रॅम आणि स्टोरेजवर येतो. त्यामुळे 'थांबलो तर स्वस्त होईल' हा जुना हिशोब सध्या धरू नका.

मी निवृत्त शिक्षिका, वय ६८. वर्तमानपत्रं वाचायला, शब्दकोडी सोडवायला आणि नातवाशी बोलायला टॅब हवा. मुलगा आयपॅडच घे म्हणतो. मला ती उधळपट्टी वाटते.
*टिळकवाडी*

बाई, तुमच्या तीन कामांसाठी आयपॅड लागत नाही. पण त्याला उधळपट्टी म्हणण्याआधी हिशोब बघा. साधा आयपॅड ऑक्टोबर २०२२ मध्ये आला तेव्हा ६४ जीबीला ४४,९०० रुपये होते. मार्च २०२५ मध्ये ए१६ चिपचा आला तो १२८ जीबीला ३४,९००. म्हणजे जागा दुप्पट आणि किंमत दहा हजारांनी कमी. आणि टिकतो. २०२० सालच्या आठव्या पिढीच्या आयपॅडलाही २०२५ ची नवी प्रणाली मिळाली. २० हजारांचा टॅब चार वर्षं आणि हा सात वर्षं चालला, तर वर्षाचा खर्च सारखाच पडतो. फक्त पेन्सिल स्वतंत्र घ्यावी लागते, टाइप-सीची साधी पेन्सिलच ७,९०० ला आली होती. कोडं बोटानं सोडवता येतं, पेन्सिल घेऊच नका.

दुरुस्तीच्या बाजूनं आणखी एक सांगतो. साध्या आयपॅडला परीक्षक नावं ठेवतात, की वरची काच आणि आतला डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले नाहीत, मध्ये बारीकशी फट राहते. लिहिताना ती फट जाणवते हे खरं. पण हातातून पडून नुसती काच फुटली तर आम्ही काचच बदलतो, आतला डिस्प्ले शाबूत राहतो. चिकटवलेल्या पडद्यात काचेला तडा गेला की आख्खा फोल्डर, म्हणजे काच आणि डिस्प्ले दोन्ही एकदम बदलावे लागतात, आणि त्याचं बिल ऐकून माणसं टॅब उचलून परत घरी नेतात. ज्याला दोष म्हणतात तो तुमच्या वयाच्या माणसाला उपयोगाचा आहे.

तरीही मी तुम्हाला पहिला प्रश्न वजनाचा विचारेन. तुम्ही खुर्चीत बसून वाचता की आडवं पडून? १०-११ इंची टॅब, कुठल्याही कंपनीचा घ्या, अर्धा किलोच्या आसपास भरतो. वर कव्हर चढवलं की सातशे ग्रॅमपर्यंत जातो. पडून वाचायची सवय असेल तर वीस मिनिटांत मनगट दुखतं. ८.७ इंची टॅब सव्वातीनशे ग्रॅमच्या जवळपास असतात. पाठ्यपुस्तकाला तो आकार लहान पडतो, पण वर्तमानपत्राच्या अ‍ॅपमध्ये अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. खुर्चीत, मांडीवर उशी घेऊन वाचत असाल, तर मोठा घ्या आणि मुलाचं ऐका.

सिमचा घ्यावा की नुसता वायफायचा? दोन-तीन हजारांचा फरक आहे.
*दुकानदार, निपाणी*

दुकानात वायफाय आहे, खिशात फोन आहे, तर वायफायचा पुरे. फोनचा हॉटस्पॉट चालतो आणि दर महिन्याचं दुसरं रिचार्ज वाचतं. टॅब डिलिव्हरीच्या गाडीत नकाशा बघायला ठेवणार असाल तर मात्र सिमचा घ्या. वायफायच्या आयपॅडमध्ये तर जीपीएसच नसतं. आणि सिम आहे म्हणजे साधा फोन लागेलच असं नाही, काही टॅबमध्ये ते सिम फक्त इंटरनेटपुरतं असतं. घेण्याआधी तिथंच एक फोन लावून बघा.

ऑनलाइन सेलमध्ये २४ हजारांचा टॅब नो कॉस्ट ईएमआयवर आहे. गावातला दुकानदार रोखीनं २३ ला देतो. व्याज नाही म्हटल्यावर हप्त्यानं घेतलेलं बरं ना?
*शहापूर*

व्याज असतंच. शून्य टक्के व्याजाच्या योजना रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बंद करायला लावल्या. आता बँक व्याज लावते आणि विकणारा तेवढी सूट आधी देऊन ते झाकतो. सहा हप्ते आणि १६ टक्के धरले तर २४ हजारांवर व्याज सुमारे १,०८० रुपये येतं. ते सवलतीत गेलं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, १९५ च्या आसपास, तुमच्याच कार्डावर येतो. वर प्रोसेसिंग फी दोनशेच्या घरात, आणि तिच्यावरही कर. म्हणजे टॅब तुम्हाला साडेचोवीस हजारांच्या जवळ पडला, गावात २३. दीड हजारात चांगलं कव्हर आणि काच येते. शिवाय आठवडाभरात काही निघालं तर जाऊन उभं राहायला एक दार असतं. रोख पैसे हातात असतील तर गावातच घ्या. पण पक्कं बिल मागा, त्यावर टॅबचा सिरियल नंबर लिहिलेला हवा. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका. 'चालू करून देण्याचे' म्हणून वेगळे पैसे मागितल्याची तीन पत्रं यंदा आली आहेत. तसं झालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

आमच्याकडं सगळे कागद कन्नडमधून येतात. मला कन्नड वाचता येत नाही, पोरं बाहेरगावी. टॅबचा कॅमेरा धरला की मराठीत दिसतं म्हणे. त्यासाठी कुठला टॅब घ्यावा?
*येळ्ळूर*

या पत्रानं मी थांबलो. माझ्या वडिलांचे शेवटची दहा वर्षं हेच हाल होते. पहाणी, म्हणजे जमिनीचा कन्नड उतारा, हातात घेऊन शेजाऱ्याच्या दारात उभं राहायचं.

होतं, काका. गूगल ट्रान्सलेटमध्ये कन्नड आणि मराठी दोन्ही आहेत. छापील कन्नड कागदावर कॅमेरा धरला की मराठी उमटतं. हाताच्या अक्षराला मात्र ते फसतं. आता टॅबचं. पुष्कळ स्वस्त टॅबच्या मागच्या कॅमेऱ्याला ऑटोफोकस नसतो. खोक्यावर ५ किंवा ८ मेगापिक्सेल लिहिलेलं असतं, फोकसबद्दल अक्षर नसतं. असा कॅमेरा माणसाचा फोटो ठीक काढतो, पण कागद वीतभर अंतरावर धरला की अक्षरं धुरकट, आणि अक्षर ओळखू आलं नाही की भाषांतर कसलं होणार? तुम्ही दुकानात जाताना घरातलं लाइट बिल खिशात घालून जा. कॅमेरा सुरू करा, बिल जवळ धरा, पडद्यावर बोट टेकवा. बारीक अक्षर स्पष्ट झालं तरच पुढचं बोला.

टॅबवर वाचून कागद कशाबद्दल आहे, कुठल्या तारखेला बोलावलंय एवढं तुम्हाला कळेल. जमिनीचा किंवा कोर्टाचा कागद असेल तर सही करण्याआधी कन्नड येणाऱ्या विश्वासाच्या माणसाकडून तो पुरता वाचून घ्या. यंत्र नावं आणि मोजमापं चुकवतं.

नवा टॅब, सात महिने झाले. चार्जर लावला तर कधी होतं, कधी नाही. वॉरंटीत घेतला नाही, म्हणाले पाणी गेलंय. आम्ही पाण्यात टाकलाच नाही.
*कणकुंबीजवळचं गाव*

तुम्ही पाण्यात टाकला नसेल, यावर माझा विश्वास आहे. तुमच्याकडच्या पावसात टॅब कोरडा ठेवणंच अवघड. गेल्या ऑगस्टमध्ये जांबोटीकडचा असाच एक टॅब आला होता. भिंगाखाली धरला तर चार्जिंगच्या तोंडात मधल्या जिभेवरच्या पिना हिरवट झालेल्या, दोन पिनांच्या मध्ये शेवाळासारखी बुरशट रेघ. आंघोळ घातल्याची ती खूण नव्हे. ओलसर हातानं लावलेली वायर, दमट भिंतीला टेकवून ठेवलेला टॅब, आणि तसाच सुरू केलेला चार्ज, एवढ्यानं ते होतं.

आता टाचणी किंवा सुई आत घालू नका, पिना वाकतात. टॅब पूर्ण बंद करा आणि दुरुस्तीवाल्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलनं तोंड साफ करायला सांगा. नुसत्या सफाईनं बरेच टॅब उठतात. नाहीच उठला तर विचारा, चार्जिंगचा बोर्ड वेगळा आहे का. बऱ्याच टॅबमध्ये तो छोटा बोर्ड वेगळा असतो आणि हजाराच्या आतबाहेर बदलून होतो. कुणी आधीच 'मदरबोर्ड गेला' म्हणालं तर टॅब तिथं ठेवू नका. आणि पाठ फुगल्यासारखी दिसत असेल, पडदा एका कडेनं उचललेला असेल, तर ती बॅटरी आहे. चार्जिंग लगेच थांबवा, वर दाबून बसवायला जाऊ नका, आणि पोरांच्या उशाशी ठेवू नका.