परलाईट नाही मिळालं तर?

प्रश्न : ताई, गच्चीवरच्या कुंड्यांत पाणी तुंबून मोगऱ्याची मुळं कुजली. परलाईट महाग पडतं. दुसरं काय घालता येईल?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : परलाईट म्हणजे भट्टीत लाहीसारखी फुलवलेली ज्वालामुखीची काच. ती मातीत हवेला जागा ठेवते, एवढंच तिचं काम. ते काम लाल विटेचे तुकडेही करतात. मी गेली कित्येक वर्षं तेच वापरते. बांधकामावरच्या फुटक्या विटा गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडायच्या, हरभऱ्याएवढे तुकडे ठेवायचे आणि बारीक भुकटी चाळून काढायची. भुकटी राहिली तर मातीच्या फटी बुजतात, सगळी मेहनत वाया. वीट मात्र भाजलेली लालच हवी, राखेची करडी नको. विटेला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यामुळे ती थोडं पाणी धरूनही ठेवते. आपल्या मे महिन्यात गच्चीवर याचं मोल कळतं!

दुसरं, धानाचं तूस. भंडारा-गोंदियाकडच्या राईस मिलमध्ये मिळतं. काळं होईपर्यंतच भाजा, पांढरी राख होऊ देऊ नका.

आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग विटेचे तुकडे, एक भाग तूस. बारीक वाळू नकोच, चिकण मातीत ती घट्ट बसते. आणि तुकडे नुसते तळाशी रचू नका, सगळ्या मातीत कालवा. मोगरा पावसाआधी बदलून घ्या, कुजलेली मुळं कापून.