पाटी शेवटी वाच

प्रिय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कॉलेजच्या आवारातलं वनस्पती उद्यान बघायला जाणार आहेस आणि 'दोन तासांत सगळं बघून होईल का' असं विचारलंयस. होईल की. तासाभरातही होईल. वाटेवाटेनं चालायचं, प्रत्येक पाटीचा फोटो काढायचा, झालं. पण ती पाट्यांची सहल होते, झाडं नुसती मागे उभी राहतात. माझं ऐकणार असशील तर तीन-चारच झाडं निवड, आधी झाड बघ आणि पाटी शेवटी वाच.

अशा बागा निघाल्या त्याच मुळी ओळख पटवण्यासाठी. इटलीतल्या पादुआ विद्यापीठाची बाग १५४५ सालची, आणि ती अजून त्याच जागी आहे. वैद्यक शिकणाऱ्यांना खरी औषधी वनस्पती कोणती आणि तिच्यासारखी दिसणारी भलतीच कोणती, हे जितंजागतं दाखवता यावं म्हणून ती लावली गेली. म्हणजे शोभा ही नंतरची गोष्ट. रानात एकमेकांपासून हजारो मैलांवर वाढणारी झाडं इथे दहा पावलांच्या अंतरावर भेटतात, ती तुलना करता यावी म्हणून.

तेव्हा तुलनाच कर. वड, सोनचाफा आणि पांढरा चाफा ही तीन झाडं उष्ण प्रदेशातल्या बागेत सहसा असतातच. वडाची कोवळी डहाळी नीट बघ. पान जिथे फुटलंय तिथे डहाळीला पूर्ण वेढा घालणारा बारीक वण दिसेल. टोकाची कळी ज्या आवरणात गुंडाळलेली असते ते उपपर्ण. पान उलगडलं की ते गळतं आणि हा वण मागे ठेवतं. आता सोनचाफ्याकडे जा. तिथेही अगदी असाच वण. झाली दोघांची सोयरीक? थांब. वडाचं पान खुडलं की चीक येतो, सोनचाफ्याला चीक नाही. पांढऱ्या चाफ्याला चीक भरपूर, पण डहाळीला वेढणारा वण नाही, गळलेल्या पानांच्या खुणा तेवढ्या दिसतात. चिकावरून वड आणि पांढरा चाफा एका घरचे ठरवशील तर तेही खोटं.

मग फुलाकडे वळ. सोनचाफ्याच्या फुलात मधोमध एक उभा अक्ष असतो. त्यावर खाली पुंकेसर, वर स्त्रीकेसर, सगळे सुटे, फिरत फिरत वर चढत गेलेले. पांढऱ्या चाफ्याच्या पाच पाकळ्या तळाशी जुळून त्यांची नळी झालेली. वडाचं फूल वरून शोधत बसशील तर मिळायचं नाही. आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आत इवल्याइवल्या फुलांची दाटी असते, खाली पडलेलं एखादं उघडून बघ. तीन झाडं, तीन वेगळी कुलं. एका खुणेवर नातं ठरवायचं नाही, हे वर्गात कितीही वेळा सांगितलं तरी या तीन झाडांखाली उभं राहिल्यावर जितकं पटतं तितकं तिथे पटत नाही.

(पान खुडायचं तर माळ्याला विचारून, आणि एकच. चिकाचा हात डोळ्याला लावू नको, आग होते.)

एक छोटी युक्ती. पुढ्यात आहे ते पूर्ण पान, की संयुक्त पानाचं (एकाच देठावर छोट्या पानांसारखे अनेक भाग असलेल्या पानाचं) एक दल, असा घोळ सगळ्यांचाच होतो. बहाव्यापाशी तर हमखास. कळी शोध. पानाच्या देठाच्या बगलेत कळी असते, दलाच्या बगलेत नसते.

आता पाटी. सोनचाफ्याच्या पाटीवर 'मिशेलिया चंपका' असेल, नाहीतर 'मॅग्नोलिया चंपका'. झाड तेच. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली त्याला मिशेलिया या प्रजातीत घातलं होतं, पुढे मिशेलिया मॅग्नोलियात सामावली गेली. म्हणून नव्या नावामागे लिनियसचं 'एल.' कंसात येतं. 'चंपका' हे नाव आधी त्यानं दिलं, प्रजाती मात्र नंतर कुणीतरी बदलली, एवढं तो कंस सांगतो. पाटीवर नुसता आकडा असेल तर तो नोंदवहीतला क्रमांक. पुष्कळ बागांत त्यात रोप आल्याचं सालही गुंफलेलं असतं. विभागात जाऊन ती वही दाखवायला सांग. रोप कुठून आलं, ते तिथे सापडेल. आणि पाटीवर आंधळा विश्वास नको. रोप मरतं, पाटी उरते, आणि शेजारचं तण तिच्या नावावर वर्षानुवर्षं मिरवतं.

तणांनाही कमी लेखू नको म्हणा. ऑक्सफर्डच्या विद्यापीठ बागेतलं सेनेशिओ स्क्वालिडस हे पिवळ्या फुलांचं रोप कुंपणाबाहेर निसटलं, गावातल्या भिंतींवर रुजलं आणि एकोणिसाव्या शतकात रेल्वे आल्यावर रुळांच्या खडीतून दूरदूर पसरलं. तेव्हा बागेच्या भिंतीबाहेरही एक फेरी मार.

माळ्याशी बोलल्याशिवाय मात्र परत येऊ नको. प्राध्यापक तुला कुल सांगतील. कोणतं झाड कधी फुलतं, कोणाला पाणी जास्त झालं की पानं पिवळी पडतात, कोणाला फळ म्हणून धरतच नाही, हे माळी सांगेल. फळ न धरणारं झाड सापडलं तर लगेच सोडू नको. ते एकलिंगी आहे का, आणि जोडीचं झाड बागेत आहे का, ते विचार. सायकस (ताडासारखं दिसणारं झाड) आणि त्याच्या गोतावळ्यात नर वेगळा, मादी वेगळी. एन्सेफॅलार्टोस वुडी नावाचा त्यातलाच एक वृक्ष १८९५ साली दक्षिण आफ्रिकेत सापडला. एकच, आणि तोही नर. मादी आजवर कुणाला मिळालेली नाही. जगभरच्या बागांत आज जी झाडं आहेत ती त्या एकाच्याच फुटव्यांपासून वाढवलेली, म्हणून सगळी नर.

सोबत वही, पेन्सिल आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग ने. भिंग डोळ्याला चिकटवून धरायचं आणि डहाळी त्याच्याजवळ आणायची. लोक उलटं करतात आणि काही दिसत नाही म्हणतात. फोटो काढ हवे तर, पण चित्र आधी काढ. पेन्सिल चालवताना पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे ठरवावंच लागतं. फोटोत ते न ठरवताही भागतं.

मला झाडांची यादी पाठवू नको. एका डहाळीचं चित्र पाठव, आणि ते काढताना जे कळलं नाही ते खाली लिही. उत्तर मला येत असेल तर कळवीन, नसेल तर आपण दोघं मिळून शोधू.

कळावे.